दीनाचं रिकामं टोपलं

घोडेगावात सर्व्हिस मोटार थांबली तेव्हा दीनानं आधी सगळ्यांना उतरू दिलं. बोचकी उतरली, कोंबड्या उतरल्या, विड्या फुंकणारे बाजारकरू उतरले, मग ही. मोटारीची पायरी उंच, आणि उजवा गुडघा तिथं दगा देणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोर बाप उभा. दांडीला घट्ट धरून, डावा पाय आधी टाकून, तोंडावर हसू चिकटवून ती खाली आली. बापाला, म्हणजे इसहाक मास्तरांना, वाटलं, मुंबईत राहून पोर सावकाश चालायला शिकली.

किती दिवसांची रजा, असं मास्तरांनी विचारलं. महिनाभराची, दीना म्हणाली. नवा बॅले बसवायला घेतलाय, तालमी सुरू झाल्या की जायचं.

खोटं, साफ खोटं. रजा नव्हती आणि नव्या बॅलेत हिला काम नव्हतं. दीनाचं नाचणं संपलं होतं, कायमचं, आणि ते बापाला कळू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. बैलगाडीत चढायची वेळ आली तर मागच्या बाजूला टेकली, पाय बाहेर सोडले आणि म्हणाली, लहानपणी मी अशीच बसायचे की! मास्तर हसले आणि त्यांनी बैल हाकले.

आता तुम्ही म्हणाल, बापाला सांगायला काय धाड भरली होती? बाप काही वाघ नव्हता. नव्हताच. पण मागचं तुम्हाला ठाऊक नाही.

मागचं असं. घोडेगावापासून कोसभरावर माळवाडी, आणि माळवाडीच्या ख्रिस्ती वस्तीत इसहाक मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत. शाळेत मास्तर, चर्चच्या मंडळीत पंच, आणि घरी आले की दोन्ही. एकुलती एक लेक हुशार निघाली, म्हणून मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास त्यांनी तिला मुंबईला मास्तरीण व्हायच्या कॉलेजात घातलं. पोर शिकून येईल, आपल्याच शाळेत शिकवील, वस्तीतल्या पोरी शहाण्या होतील, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. आणि ही बया एका मैत्रिणीबरोबर बॅले बघायला गेली.

बॅले हा काय प्रकार असतो हे मास्तरांनाच काय, सगळ्या नेवासा तालुक्याला ठाऊक नव्हतं. नाटकच ते, पण त्यात कुणी बोलत नाही. जे सांगायचं ते अंगानं सांगायचं. पडद्याआड वाजवणारे बसतात आणि पुढं पंधरा-वीस माणसं नाचून अख्खी गोष्ट उभी करतात. दीनानं ते पाहिलं आणि तिचं भान हरपलं. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, त्या कंपनीत शिरली, आणि मग घरी कळवलं. आधी करायचं आणि मागून सांगायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

मास्तर स्वतः मुंबईला गेले. तालमीच्या हॉलच्या दारातच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही.

"माझ्या बापाच्या हलगीवर तमाशाच्या फडात लोक पागोटी उडवायचे," ते म्हणाले. "बाप्तिस्मा घेताना त्यानं ती हलगी सोडली, ती पुन्हा हातात धरली नाही. तुला नाचता यावं म्हणून सोडली होती का त्यानं?"

दीनानं मान खाली घातली, पण हॉल सोडला नाही. मास्तरांनी वाट पाहिली, मग छत्री काखेत मारली आणि जाता जाता म्हणाले, "पाय आहेत तोवर नाचशील. पाय गेले म्हणजे काय करशील, ते मला येऊन सांग."

आता पाय गेले होते. आणि ते सांगायला तिला त्याच बापाच्या दारात यायचं होतं. तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं?

मधली सगळी वर्षं ती नाचली. बॅलेतल्या बाईचं आयुष्य म्हणजे मऊ गाद्या आणि गजरे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा येऊन बघावं. दिवस उजाडायच्या आत सराव. गुडघे वाकवा, टाचा उचला, पुन्हा वाकवा, आणि अंग आंबलं तरी वाकवतच राहा. सुरुवातीला तिला गर्दीत उभी केली. कधी झाड, कधी लाट, एकदा तर नुसती भिंत. हलली तर नाच बसवणारे गुरुजी ओरडायचे, भिंत हलते का कुठं? पुढं हरिणी मिळाली. आणि मग एका वर्षी गुरुजींनी तिला बोलावलं आणि सांगितलं, नदी तू करायचीस.

त्या बॅलेत नदी डोंगरात जन्मायची, उड्या मारत खाली यायची, बांधाला अडायची, रुसायची, आणि शेवटी समुद्रात जायची. अख्खा खेळ त्या एका नदीवर. दीना ती नदी घेऊन लाहोरपासून मद्रासपर्यंत हिंडली. तिसऱ्या वर्गाचा डबा, मांडीवर कपड्यांची ट्रंक, कुठं फळ्यांचं स्टेज, कुठं नुसती दाबलेली माती. बंगालात माणसं उपाशी मरत होती तेव्हा त्यांच्यासाठी मदत गोळा करायला गावोगाव खेळ केले. लोक डोळे पुसत उठायचे. दीनाला वाटायचं, आपण जन्माला आलो ते याचसाठी.

दोन-तीनदा ती माळवाडीलाही येऊन गेली. मास्तरांनी दार बंद केलं नाही, पण त्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गाय व्याली, शाळेचा इन्स्पेक्टर येऊन गेला, विहिरीला पाणी कमी आहे, असं बोलत. दीना पहाटे गोठ्यामागं सराव करायची, तेव्हा मास्तर तिकडं फिरकत नसत. राहीबाई, दीनाची आई, तेवढी हळूच विचारायची, यंदा काय झालीस गं? नदी झाले म्हटल्यावर तिनं हनुवटीला बोट लावलं होतं. "कोरडी का पान्याची?" एवढं विचारून ती भाकरी थापायला लागली होती.

आणि गेल्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्याचं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, नागपूरच्या खेळात ती डोंगरावरून खाली उडी घेताना पाय दोन फळ्यांच्या फटीत पडला. गुडघा फिरला. कडब्याचं ताट मोडावं तसा आवाज झाला, तो पहिल्या रांगेतल्या लोकांनीही ऐकला. मुंबईच्या हाडांच्या डॉक्टरनं पाय पुष्कळ दिवस बांधून ठेवला, मग सोडला आणि सांगितलं, बाई, चालाल, पण उडी विसरा, मांडी घालून बसणंही विसरा.

कंपनी वाईट वागली असं म्हणता यायचं नाही. गुरुजी म्हणाले, राहा, नव्या मुलीला नदी शिकव. दीनानं शिकवली. मन लावून शिकवली, हातचं राखलं नाही, आणि ती पोरगी बघता बघता शिकलीसुद्धा. नव्या नदीचा पहिला खेळ झाला त्या दिवशी दीना पडद्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा पहिला विचार आला, आज सरावाला उठायचं नाही. तिला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. आणि मग बरं वाटल्याची अशी काही लाज वाटली की तिनं ट्रंक भरली आणि गाव गाठलं.

झालं, आता माळवाडीत सोंग सुरू. पहाटे उठून ती गोठ्यामागं जाई, म्हणजे मास्तरांना वाटावं सराव चाललाय. तिथं गव्हाणीच्या कडेवर टेकून ती गायीशी गप्पा मारी, बऱ्यापैकी वेळ गेला की तोंडावर पाणी मारी आणि पदरानं घाम पुसल्यासारखं करत घरात येई. गाय बिचारी कुणाला सांगणार?

पण माणसांपुढं काय करायचं? जमिनीवर बसता येत नव्हतं. जेवताना ती ओट्याच्या कडेला टेकायची आणि म्हणायची, मुंबईत टेबलाची सवय लागली. बाया दळायला-कांडायला जमल्या की हातातली पाटली फिरवत भिंतीशी उभी राहायची. देवळात तर पंचाईतच. ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणत. तिथं बायाबापड्या सतरंजीवर बसत, आणि प्रार्थनेला सगळे गुडघे टेकत. दीना मागं खांबाशी ताठ उभी. सगळी मंडळी वाकलेली आणि ही एकटी उभी, शेतात ज्वारीचं एकच ताट कापायचं राहून जावं तशी.

लोक बोलणारच. लोकांना दुसरा उद्योग काय? मुंबईचं वारं लागलं, म्हणाले. सतरंजी टोचते वाटतं बाईसाहेबांना, म्हणाले. आणि कारभारी पंच, ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि मिशीला पीळ होता, ते मास्तरांच्या देखत चार माणसांत म्हणाले, "कुनाच्या म्होरं गुडघा टेकायचा न्हाई, असं शिकिवतात वाटतं तुमच्या लेकीच्या कंपनीत." मास्तर त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिची मूठ झाकलेली होती आणि तरी लोक हिला दोन कवड्यांची करत होते. बरं, दोन शब्दांत सुटका होती. गुडघा मोडलाय, एवढं म्हटलं की झालं. पण ते दोन शब्द बापाच्या कानावर गेले असते आणि बाप म्हणाला असता, बघ, मी म्हणत नव्हतो? त्या एका वाक्याची दीनाला इतकी धास्ती होती, की घमेंडखोर ठरणं तिला परवडत होतं.

आईपुढं मात्र कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. एका सकाळी राहीबाईनं रुईची पानं तव्यावर शेकली, तेल लावलं आणि दीनापुढं आणून ठेवली.

"बांध," ती म्हणाली. "सुजलाय की केवढा. आन मास्तरांला कवा सांगनार?"

दीनाला तिथंच रडू कोसळलं. सगळं सांगितलं तिनं, फळ्यांच्या फटीपासून नव्या नदीपर्यंत, आणि शेवटी आईचे हात धरून म्हणाली, दादांना सांगू नकोस. राहीबाईनं तिचं डोकं कुरवाळलं. आपण नाही सांगणार, म्हणाली, पण तू सांग. किती दिवस गायीपुढं नाचशील? म्हणजे तेही तिनं पाहिलं होतं. दीनाला रडता रडता हसू आलं. पण मास्तरांपुढं जायचा धीर काही झाला नाही, आज सांगू, उद्या सांगू, करता करता उपकारस्तुतीचा सण आला.

बाजरी खळ्यावरून घरात आली की हा सण. प्रत्येकानं आपल्या कष्टातलं पहिलं देवापुढं ठेवायचं. शेतकऱ्यानं कणसं ठेवायची, कोंबड्या पाळणारीनं अंडी, सुतारानं लाटणं किंवा पाट. जे परगावी नोकरीला, त्यांच्या वतीनं घरची माणसं काहीतरी ठेवत. राहीबाई इतकी वर्षं दीनाच्या नावानं एक कोंबडी ठेवत आली होती, आणि मास्तर ती कोंबडी दिसत नसल्यासारखं दुसरीकडं बघत आले होते.

आणि माळवाडीची एक रीत होती, ती आसपासच्या दुसऱ्या कुठल्या मंडळीत नव्हती. ज्याचं पीक गेलं, त्यानंही त्या दिवशी घरी बसायचं नाही. त्यानं रिकामं टोपलं घेऊन सगळ्यांसारखं पुढं जायचं आणि ते तिथं ठेवायचं. कुणी काही विचारायचं नाही. मग प्रत्येक घरानं आपण आणलेल्यातली एक ओंजळ त्याच्या टोपल्यात टाकायची. आजे-पणजे पहिल्यांदा ख्रिस्ती झाले तेव्हा मोठा दुष्काळ होता, त्या वर्षी ही रीत पडली. तेव्हा म्हणे सगळ्यांचीच टोपली रिकामी होती, आणि लोकांनी एकमेकांच्या टोपल्यांवरून नुसतेच हात फिरवले होते.

सणाच्या सकाळी देऊळ भरलं. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एकेका घराचं नाव घेत होते आणि लोक उठून पुढं जात होते. पुढं बाजरीची रास वाढत होती, रिकामी झालेली टोपली दारापाशी येऊन पडत होती. बायडाबाईचं नाव निघालं. बायडाबाई म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी एकटी विधवा. तिच्या माळावरची बाजरी यंदा ऐन फुलोऱ्यात करपली होती. ती रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन उठली, नाकासमोर चालत गेली, टोपलं खाली ठेवलं, हात जोडले आणि परत फिरली. तिच्या तोंडावर ना लाज ना दुःख. आपलं आपण आणून ठेवलं, बस्स. लोक ओंजळी टाकायला उठले. खांबाशी उभी असलेली दीना तिच्याकडं बघतच राहिली.

मग पाळकसाहेब म्हणाले, "इसहाक मास्तरांच्या घरून बाजरी. आणि मास्तरांच्या इच्छेवरून, त्यांची कन्या दीना मुंबईत जे काम करते, त्या कामाबद्दल विशेष उपकारस्तुती."

दीनाला वाटलं, आपण चुकून दुसरंच ऐकलं. तिनं वडिलांकडं पाहिलं. मास्तर सतरंजीकडं बघत बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. ज्या कामाचं नाव त्या माणसानं आजवर तोंडातून काढलं नाही, त्यासाठी आज त्यानं भर मंडळीत देवाचे आभार मानायला लावले होते. कारभाऱ्यांच्या त्या टोमण्याला त्यांनी दिलेलं हे उत्तर होतं. लोक काय वाटेल ते बोलोत, लेक माझी आहे आणि काम करते आहे. आणि काम तर उरलंच नव्हतं.

राहीबाईनं पाय बांधलेली कोंबडी दीनाच्या हातात दिली आणि जा म्हणून खुणावलं. दीना दोन पावलं गेली आणि थांबली. आत्तापर्यंत ती घरात खोटं बोलत होती, गोठ्यात खोटं बोलत होती. ते आपल्यापुरतं होतं. पण आता बाप तिच्या खोट्यावर सह्या करत होता, तोही देवळात. हे तिला सोसेना. ती मागं वळली. कोंबडी आईच्या मांडीवर ठेवली. दारापाशी जाऊन एक रिकामं टोपलं उचललं आणि पुढं निघाली. लंगडत निघाली. एवढे दिवस दाबून ठेवलेला पाय जसा पडत होता तसा पडू दिला.

पुढं पोचल्यावर वाकता येईना. उजवा पाय लांब सरळ पसरून, डाव्या गुडघ्यावर खाली जात तिनं टोपलं जमिनीवर ठेवलं आणि पुढच्या खांबाला धरून उठली.

"माझा गुडघा मोडलाय," दीना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. "मला खाली बसता येत नाही. मी रजेवर आलेले नाही, माझं नाचायचं काम संपलं. आता मी परत जाणार नाही."

पाळकसाहेब बिचारे नवे, ते गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागले. तेवढ्यात कारभारी पंच उठले. मिशीवरून हात फिरवला.

"गुडघ्याचं वाईट झालं," ते म्हणाले. "पर ह्ये टोपलं कशापायी? ज्यानं पेरलं आन ज्याचं बुडालं, त्याचं ह्ये टोपलं. हिनं काय पेरलं हुतं?"

आपण भलतंच धाडस केलं असं दीनाला वाटलं. टोपलं उचलावं आणि निघून जावं, पण उचलायला वाकता तरी कुठं येत होतं? मागं सतरंजीवर सळसळ झाली. इसहाक मास्तर उभे राहिले होते.

मास्तर देवळात नेहमी छापील बोलत, पुस्तकातल्यासारखं. त्या दिवशी त्यांना पुस्तक आठवलं नाही.

"कारभारी, मला तिचं काम आवडलं न्हाई," मास्तर म्हणाले. "आजबी आवडत न्हाई. मी तिच्या तोंडावर सांगितलं हुतं. पर काम हुतं ते. घरी आली की पहाटे गोठ्यामागं राबायची, मी तिकडं जात नसलो तरी मला ऐकू येत हुतं. तिचे तळपाय बघा. नांगरामागं चालल्याबिगर असे पाय हुत न्हाईत." त्यांनी दीनाच्या टोपल्याकडं बोट दाखवलं. "एवढी वर्सं राबली, आन आता पीक गेलं. ज्याचं पीक गेलं त्याला ह्या देवळात आजवर कुनी इचारलं न्हाई, तू काय पेरलं हुतंस म्हनून. माझ्या लेकीला बी कुनी इचारायचं न्हाई."

एवढं बोलून ते आपलं बाजरीचं टोपलं घेऊन पुढं आले, त्यात दोन्ही हात घातले आणि ओंजळ भरून दीनाच्या टोपल्यात टाकली. दीनाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही तिथंच रडली असती, आणि मास्तरांना चारचौघांत रडायचं नव्हतं.

पहिली ओंजळ पडली की मागं हटायचं नाही, अशी रीतच होती. बाया उठल्या, बाप्ये उठले. बाजरी पडली, मूग पडले, कुणी दोन अंडी ठेवली. बायडाबाईनं तर कमालच केली. तिचं टोपलं आत्ताच भरलं होतं, त्यातलीच ओंजळ तिनं दीनाच्या टोपल्यात टाकली. मग दीनानंही आपल्यातली एक ओंजळ तिच्या टोपल्यात टाकली. म्हणजे हिशेब जिथल्या तिथं, पण दोघी एकमेकींकडं बघून अशा हसल्या की पाळकसाहेबांनाही हसू फुटलं. सगळ्यात शेवटी कारभारी उठले. रीत म्हणजे रीत, आणि ते रीतीचे पक्के. शिवाय लहान ओंजळ टाकली तर लोक काय म्हणतील? चांगली शिगोशीग टाकली त्यांनी.

दीनाचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ज्या वाक्याच्या धास्तीनं ती अर्धी झाली होती, ते वाक्य बापानं उच्चारलंच नव्हतं. उलट सगळ्या वस्तीसमोर तो तिच्या बाजूनं उभा राहिला होता, तेही मत न बदलता! हे तिला फारच आवडलं. आवडत नाही म्हणाला आणि ओंजळ टाकली. खोटं कौतुक केलं असतं तर तिला ते कधी खरं वाटलं नसतं.

बाहेर आल्यावर बायांनी तिला घेरलं. आधी सांगायचं नव्हतंस का गं, आम्ही मेल्यांनी तुला काय काय म्हटलं! एकीनं काय काय म्हटलं ते सांगायलाही सुरुवात केली, तेव्हा दुसरीनं तिला चिमटा काढला. गुडघ्याला काय लावायचं यावर सात जणींनी सात औषधं सांगितली. दीना हसत होती आणि उजवा पाय ओढत घराकडं चालली होती. लंगडणं इतकं सोपं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. नाचण्यापेक्षा किती तरी सोपं!

टोपलं मास्तरांनी आपल्या डोक्यावर घेतलं होतं. पंच माणूस, धुवट धोतर, डोक्यावर टोपलं, बघणारे बघत होते.

"दादा," वाटेत दीना म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, पाय गेले म्हणजे काय करशील ते येऊन सांग."

"म्हणालो होतो."

"मला अजून ठाऊक नाही."

मास्तरांनी डोक्यावरचं टोपलं सावरलं. "नसू दे," ते म्हणाले. "रागाच्या भरात मास्तर लोक अवघड प्रश्न घालतात. उत्तर त्यांनाही येत नसतं."

घरी पोचल्यावर दीना नेहमीसारखी ओट्याच्या कडेला टेकायला गेली. मास्तर म्हणाले, थांब. टोपलं आत ठेवून ते तसेच शाळेकडं गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शाळेतली खुर्ची होती. अख्ख्या वस्तीत खुर्ची ती एकच. तिच्यावर मास्तर बसत, नाहीतर इन्स्पेक्टर. ती त्यांनी अंगणाच्या मधोमध ठेवली, पंच्यानं झटकली आणि दीनाला बस म्हणाले. दीना बसली. उजवा पाय तिनं पुढं लांब सोडला. महिन्यात पहिल्यांदा ती कुठंतरी नीट बसली होती आणि तिच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला.

राहीबाईनं चुलीवरचा तवा उतरवला आणि उंबऱ्यात येऊन टेकली. मास्तरांनी खुर्चीसमोर, जमिनीवर, मांडी घातली. शाळेत पोरं बसतात तशी.

"ती नदी," ते म्हणाले. "डोंगरातून निघती, असं तुझी आई म्हणायची. तिथपासून सांग. मधलं काही गाळू नको."

दीनानं दोन्ही हात वर उचलले आणि सांगायला सुरुवात केली.